भरल्याशिवाय न हलणारी जीप

“सरका वाईच, आजून लई जागा हाय!” असं म्हणत तात्या दारातून हात आत घालायचे आणि आधीच चेपलेल्या आम्हाला आणखी चेपायचे. आमच्या फाट्यावर वडापची, म्हणजे माणसं भरली की सुटणारी खासगी जीप चालवणारा हा माणूस. तुमच्याही फाट्यावर असा एखादा असेलच, म्हणून त्यांचं वर्णन फार करत नाही.

गाडी चालवताना ते स्वतः अर्धे सीटवर आणि अर्धे बाहेर असायचे. गिअरपाशी कुणी कोंबलेला असला की अदबीने म्हणायचे, “पाव्हणं, गुडघा घ्या तिकडं, तिसरा टाकायचाय.”

मोरगावच्या बाजूची आमची वाडी म्हणजे माळावर विखुरलेली घरं. माणसांपेक्षा शेरडं जास्त. पूर्वी बारामतीची एसटी आत यायची. तात्या तिच्या जरा आधी जीप लावायचे आणि “चला, निघालोच!” अशी हाक द्यायचे. आम्ही पळत जाऊन जीपमध्ये बसायचो. मागून एसटी रिकामी यायची आणि रिकामीच जायची. पुढे ती यायचीच बंद झाली. कुणाला काही वाटलं नाही, जीप होतीच. मी बारामतीत एका दवाखान्यात केसपेपर लिहिते. वेळेत पोचले की मला बाकी कशाशी देणंघेणं नव्हतं.

मग ती परीक्षेची सकाळ आली. वाडीतली एक पोरगी दहावीच्या पेपरला निघाली होती. मांडीवर कंपास, तोंडाने पुटपुटणं चाललेलं. जीपमध्ये एक जागा उरली होती.

“आजून एक शीट,” तात्या रस्त्याकडे बघत म्हणाले.

“तात्या, पेपर हाय माझा.”

“पोचिवतो की गं.”

आम्ही मोठी माणसं गप्प बसलो, कारण ते रोजचंच होतं. शीट आली, जीप निघाली आणि उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकली. आम्ही पोचलो तेव्हा केंद्राचं फाटक बंद झालं होतं. पोरगी फाटकाचे गज धरून रडली. तिच्या बापाने तिची शाळा तिथेच थांबवली.

त्यानंतर तात्या हाका मारेनासे झाले. एक दिवस मला म्हणाले, “ताई, डेपोत येता का संगं? मला सायबाम्होरं बोलाय सुधरत न्हाय.”

मी गेले, पण बोलले ते तात्याच. साहेबांनी विचारलं, “वडाप तुमचंच ना? मग एसटी कशाला पाहिजे?”

“म्हणूनच पायजे, सायेब. माझी गाडी भरल्याबिगर हालत न्हाय. तुमची मोकळी असली तरी टायमाला सुटती.”

“मोकळी धावली म्हणून तर बंद केली.”

तात्यांनी मान खाली घातली. “ती मोकळी मीच केली व्हती.”

तुम्ही एकट्याने नाही, तात्या, जीपमध्ये बसणारे आम्ही होतो, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी बोलले नाही. ते अजून टोचतं.

तात्यांनी खेटे घातले आणि अखेर गाडी मंजूर झाली. आदल्या संध्याकाळी ते त्या पोरीच्या घरी गेले. “उद्यापास्नं एसटी हाय. तिला परत परीक्षेला बसवा. आता उशीर व्हायचा न्हाय.” तिची आई म्हणाली, “बघू की.”

आता तात्या इथे नाहीत. धंदा बसला तशी जीप विकून ते लेकाकडे इंदापूरला गेले. एसटीत आम्ही पाऊस, भाव, लग्नं सगळं बोलतो, पण त्यांचा विषय कुणी काढत नाही. काढला तर आपल्यालाच अवघड होईल, हे सगळे जाणून आहेत.

मला एसटीची ती पहिली सकाळ विसरता येत नाही. गाडीपुढे नारळ फुटला. उभ्या जीपला वळसा घालून आम्ही सगळे चढलो. तात्या खाली उभे होते, पोरीच्या घराकडून येणाऱ्या पाऊलवाटेवर डोळे लावून. वाटेवर कुणीच नव्हतं. कंडक्टरने डबल बेल मारली. तात्या घाईने पुढे आले आणि ड्रायव्हरला थांबवायला त्यांनी हात वर केला. पण ही गाडी कुणासाठी खोळंबू नये म्हणूनच तर ते डेपोत गेले होते. त्यांनी हात आपणच खाली घेतला आणि बाजूला सरून गाडीला वाट दिली.