योगेश सरांचे दोन पाहुणे

पांढुर्ण्याचा योगेश घागरे व्हिएतनाममधल्या एका लहानशा गावात पोरांना इंग्रजी शिकवतो, ही गोष्ट त्याच्या गल्लीत काहींना अजून थापच वाटते. ज्याच्या तोंडून साधं हो-नाही काढायला चहा पाजावा लागे, तो परदेशात बोलायला शिकवतो म्हणजे काय! योगेश तसा मुका नव्हे, भिडस्त. आणि देवानं भिडस्त मास्तराला नेमकी भिडस्तच पोरं दिली.

"एनी क्वेश्चन?" तो वर्षभर रोज विचारी. वर्ग गोड हसे आणि गप्प बसे. शेवटी मुख्याध्यापिका बाईंनी सांगून टाकलं, "शुक्रवारी मी मागे बसेन. मुलं आपणहून बोलली तर पुढच्या वर्षी तुम्ही, नाहीतर दुसरं कोणी." योगेशची झोप उडाली.

त्याच आठवड्यात हेमराज आणि मोरेश्वर येऊन थडकले. शाळेपासूनचे दोस्त. मोरेश्वर पांढुर्ण्याचाच, हेमराज नदीपलीकडच्या सावरगावचा, संत्र्यांचा धंदा दोघांच्या भागीत. योगेशनं पलंग त्यांना दिला आणि स्वतः खाली चटई टाकली. योगेशच्या आईनं त्यांच्यासोबत धाडलेलं तिखट आल्या आल्या भाजीत पडलं. इंग्रजीच्या नावानं दोघांचीही बोंबच, पण चौकसपणा असा की बाजारात हिरव्या सालीची संत्री दिसताच हेमराज तिथंच फतकल मारून बसला. हिरवी असून गोड कशी, हे खाणाखुणांनी विचारूनच उठला. मोरेश्वर तर खुणांनीच विचारत विचारत घरमालकिणीच्या माहेरच्या गोष्टींपर्यंत जाऊन पोचला. योगेशला गंमत वाटली आणि थोडा हेवाही. वर्षभरात त्यानं तिला भाड्यापलीकडे काही विचारलं नव्हतं.

शुक्रवारी पाहुण्यांनाही वर्गात न्यायचं ठरलं. फाटकाशी योगेश थांबला.

"गोटमारीचं नाव काढू नका बाप्पा. मी इथं फक्त संत्र्याचंच सांगतलं आहे."

"काऊन बे? लाज वाटून राहिली का तुले?" हेमराज म्हणाला.

वर्गात योगेशनं पाहुण्यांची ओळख करून दिली आणि विचारलं, "एनी क्वेश्चन?" सगळे गप्प. बाई मागे पेन उघडून बसलेल्या. पण पोरांचे डोळे मात्र हेमराजच्या कपाळावरच्या जुन्या खोकेवर. हेमराजनं ते बरोबर हेरलं.

"धिस? स्टोन," तो म्हणाला आणि मोरेश्वरकडे बोट केलं. "ही थ्रो!"

"नो! नॉट मी!" मोरेश्वर ओरडला. मग जरा विचार करून म्हणाला, "मेबी."

झालं! योगेशनं कपाळाला हात लावला आणि सांगून टाकलं, की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीला, जाम नदीच्या दोन काठांवरून दोन गावं एकमेकांवर दगड फेकतात, आणि माणसं जबर जखमी होतात. पोरं बाकांवरून पुढे सरकली आणि विचारू लागली. भांडण आहे का? मग धंदा एकत्र कसा?

"वन डे स्टोन," हेमराज म्हणाला, "ऑल इयर ऑरेंज."

वर्ग खदखदून हसला. तेवढ्यात लिन नावाची मुलगी उभी राहिली. तिनं वर्षभरात हजेरीखेरीज तोंड उघडलं नव्हतं.

"टीचर, यू? विच साइड?"

योगेशला काहीतरी गोड सांगून सुटता आलं असतं. पण लिन तशीच उभी होती. तिला विचारायला किती धीर लागला असेल, ते त्याच्याइतकं कुणाला कळणार!

"नो साइड," तो म्हणाला. "आय वॉज अॅट होम. आय वॉज अफ्रेड. एव्हरी इयर."

मोरेश्वर पाहतच राहिला. "काय म्हणतं बे? तू तं दर पोळ्याले सौसरले मामाकडे जातो म्हणायचा!"

"टीचर, व्हॉट ही से?" पोरांचे हात वर झाले, एकदम.

दोस्तांसमोर इतकी वर्षं मराठीत जे जमलं नव्हतं, ते योगेशनं पोरांना इंग्रजीत सांगितलं. मामा नव्हता, सौसर नव्हतं. मागची खोली होती, आणि आतून लावलेली कडी.