जोडी न मिळालेली नावं

विभावरी देशकरने जबलपूरच्या कॉलेजात एकतीस वर्षं गणित शिकवलं, आणि एवढ्या वर्षांत तिचा लाडका धडा एकच: संच आणि संबंध. मुलं पेंगायची. तीही पेंगायचीच म्हणा, फक्त उघड्या डोळ्यांनी. फळ्यावर ती दोन संच काढी, एकात गावातली माणसं, दुसऱ्यात गावातली घरं. मग प्रत्येक माणसाची प्रत्येक घराशी जोडी लावायची. तेवढ्या घटकेपुरतं सगळं गाव सगळ्या घरांत नांदायचं. सिहोऱ्याच्या बसमधून उतरलेली भाजीवाली ओमतीतल्या शेठच्या झोपाळ्यावर झोके घेतेय, असं विभावरीला खरोखर दिसायचं, आणि खडू हातातच राहायचा. मग अट घालायची. खोट्या जोड्या गळून पडतात, आणि उरतो त्याला गणितात संबंध म्हणतात.

निवृत्त झाल्यावर भाची यशश्रीने तिला एसक्यूएल शिकवलं. माहिती तक्त्यांत ठेवायची, दोन तक्ते जोडायचे, अट घालून हवं तेवढंच मागायचं. विभावरीला परक्या गावात माहेरचं माणूस भेटावं तसं झालं. "आत्या, तुमको तो ये सब पहले से आता है!" यशश्री म्हणाली.

मग काय, उत्साहाच्या भरात विभावरीने मराठी मंडळाची जुनी वहीच संगणकात घातली. एक तक्ता बायकांच्या नावांचा, दुसरा कर्त्या पुरुषांचा. घराचा पत्ता आणि फोन वहीत पहिल्यापासून पुरुषाच्याच नावापुढे, म्हणून संगणकातही तिथेच. शिवाय वहीचा एक रिवाज होता. माणूस वारला की सचिव लक्ष्मणराव ती ओळ तांबड्या शाईने खोडत. गेलेल्याचं नाव वहीत ठेवत नसत. विभावरी नाकासमोर चालणारी. तिनेही त्या ओळी पुसल्या.

जानेवारीत बायकांचा तिळगुळाचा समारंभ आला. विभावरीने दोन तक्ते जोडले, यादी निघाली, फोनवर आमंत्रणं गेली. सगळे म्हणाले, वा!

कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी ती राधाबाईंकडे हलव्याचे दागिने आणायला गेली. मंडळातल्या बाळांच्या बोरन्हाणाला दागिने करायचे ते राधाबाईंनीच. त्या अंगणात उन्हाला बसून पनागरचे मटार सोलत होत्या. दागिन्यांचा डबा बांधून तयार होता.

"घेऊन जा," त्या म्हणाल्या.

"काकू, उद्या तुम्हीच आणा ना. तुम्ही येऊनच राहिल्या."

"मी काहून येईन? मले कुठं बोलावणं आहे?"

विभावरीला आधी थट्टा वाटली. राधाबाई शेंगा सोलतच राहिल्या. "रुसली नाही गं मी. दिवाळीत हे गेले. नवरा गेला का बाईचं नाव कटतेच. आपल्या मंडळात असं नव्हतं, म्हणून थोडं लागलं. चलो, ठीक आहे."

तिळगुळाला कुंकवाची अट नको, असं मंडळाने तीस वर्षांपूर्वी भांडून ठरवलं होतं, आणि भांडणाऱ्यांत ती स्वतः पुढे होती. आता तीच अट तिच्या हातून परत आली होती. दोन तक्ते जोडताना ज्याला जोडीदार ओळ सापडत नाही, ते नाव गळतं. संगणक भांडत नाही, विचारत नाही, गुपचूप गाळतो. आणि राधाबाईंनी तिची चूक रिवाज समजून मुकाट्याने गिळली होती. विभावरीला स्वतःची मनस्वी लाज वाटली.

"काकू, कोणी कापलं नाही. माझी चूक झाली," म्हणत तिने पिशवीतून लॅपटॉप काढला, मटारांच्या परातीशेजारी ठेवला, आणि सूचना बदलली: डावीकडचं एकही नाव सोडायचं नाही, जोडी मिळो न मिळो, नाही मिळाली तर समोर रिकामी जागा ठेव. एकशे ब्याऐंशीची यादी दोनशे सतराची झाली.

"हे पाहा, तुमचं नाव. आणखी चौतीस जणी गळल्या होत्या."

राधाबाईंनी चष्मा सारखा केला. "आणि पुढं काहीच नाही?"

"रिकामं आहे. गणितात त्याला शून्य म्हणत नाहीत, काकू. फक्त तिथं सांगण्यासारखं काही नाही."

"अच्छा. रिकामं चालते मले. नाव राहू दे," राधाबाई म्हणाल्या, आणि पदराला हात पुसून उठल्या. "बाकीच्या चौतीस जणींचं काय? नंबर आहेत?"

नंबर पुसलेल्या ओळींबरोबरच गेले होते. पण राधाबाईंकडे डायरी होती. त्या पाटावर बसून एकेकीला फोन लावू लागल्या, आणि विभावरी यादीतलं एकेक नाव वाचू लागली. पलीकडून कोणी हसत होतं, कोणी वेळ पुन्हा विचारून घेत होतं. ऊन अंगणातून सरकत भिंतीवर चढलं. तेहतीस नावं झाली, तसा विभावरीने लॅपटॉप मिटला.

"थांब, चौतीस म्हणाली होतीस."

"ते माझंच नाव, काकू. समोर कोणी नाही ना. गळलं होतं."

"मग तुले कोणी बोलावलं?"

विभावरी हसली. आमंत्रणं करणारीला कोण बोलावणार? इतक्या वर्षांत ते तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

राधाबाईंनी डायरीचं पान उलटलं, नंबर लावला. विभावरीच्या पिशवीत फोन वाजला. दोघी हाताच्या अंतरावर बसल्या होत्या, मध्ये मटारांची परात. विभावरीने फोन कानाला लावला.

"कोण, विभा का? मी राधाबाई बोलून राहिली. उद्या चार वाजता तिळगूळ आहे. नक्की ये बरं."

"हो," विभावरी म्हणाली, आणि परातीतली एक शेंग उचलून सोलू लागली.