गंध लावलेला कॉम्प्युटर

माई लेले कुठलीही वस्तू आधी हलवून बघत. नारळ काय, सगळेच हलवतात. माई खुर्ची हलवत, कुलूप हलवत, विकत घ्यायच्या पोळपाटाचे तीनही पाय एकेक करून हलवत. बँकेच्या बदलीवर मी वाराणसीला गेलो आणि दूधविनायकाच्या गल्लीत त्यांच्या घरची वरची खोली बघायला आलो, तेव्हा त्यांनी माझ्या सुटकेसची मूठ धरून चांगली हिसडली आणि म्हणाल्या, "मजबूत आहे. या, राहा." माणसाची परीक्षा सुटकेसवरून का, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही. माईंच्या बाबतीत मला पुष्कळ गोष्टी कळल्या नाहीत, पण त्यांच्याकडे राहिलो तेवढी वर्षं मात्र फार सुखाची गेली.

त्यांचं घराणं काशीत कितीतरी पिढ्यांचं. घरात मराठीच बोलत, पण त्यात हिंदी इतकं मिसळलेलं की नवख्याला वाटावं, बाई आपली थट्टा करतेय. खालच्या खोलीत यजमानांनी सुरू केलेला टायपिंगचा क्लास त्यांच्या पश्चात माई चालवत. ओळीने टाइपरायटर, समोर गल्लीतल्या मुली, आणि मागून माईंचा आवाज: "उंगलियों को क्या देखती हो? भाग रही हैं क्या? सामने देखो!" हे वाक्य दिवसभर माझ्या खोलीत ऐकू येई. पुढे पुढे जेवतानासुद्धा मला ताटाकडे बघायची चोरी वाटू लागली.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीला मोठ्या रस्त्यावर काचेच्या दाराचं कॉम्प्युटर सेंटर निघालं आणि मुली एकेक करून तिकडे वळल्या. उरल्या त्यांत शकुंतला होती. गल्लीच्या तोंडाशी ज्यांचं दुधाचं दुकान, त्या घरची सून. जवळच्या शाळेच्या ऑफिसात जागा निघणार होती, पण कॉम्प्युटर येणारीच बाई हवी होती. आणि घरातून परवानगी होती ती फक्त माईंकडे येण्याची, बाकी कुठेही नाही. सासू रोज स्वतः तिला घेऊन येई आणि क्लास संपेपर्यंत बाहेरच्या पायरीवर माळ ओढत बसे. माईंनी हिशेब ओळखला: आपला क्लास बसला की या पोरीचं सगळंच बसलं.

"बँकवाले," त्या मला म्हणाल्या, "आपण कॉम्प्युटर घेऊन टाकू. तुमच्या बँकेत आहे ना? मग तुम्हाला येतोच."

बँकेत तो होता हे खरं. पण तो एका बंद खोलीत होता आणि मी बाहेर, हे त्यांना कितीही सांगून पटलं नाही.

वसंतपंचमीच्या सुमारास कॉम्प्युटर रिक्षातून गल्लीपर्यंत आणि पुढे दुकानदाराच्या कडेवर बसून घरात आला. हळदकुंकू वाहण्याआधी माईंनी त्याचं झाकण उघडायला लावलं आणि आत हात घालून एकेक गोष्ट हलवायला सुरुवात केली. दुकानदार "अरे माताजी, अरे माताजी" करत राहिला. सगळं घट्ट होतं. फक्त मदरबोर्ड नावाच्या त्या हिरव्या पाटीवर, एका चिपच्या डोक्यावर कंगव्यासारखे दाते असलेला काळा धातूचा तुकडा बसवला होता, तो डुगडुगला.

"भाईसाहब, ये हिल रहा है."

"माताजी, थोड़ा-बहुत तो हिलेगा."

"नई चीज़ क्यों हिलेगी?"

"हीटसिंक है. नीचे वाले की गर्मी खींचता है. गरम चीज़ को थोड़ी जगह चाहिए."

माईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ती होकाराची की नकाराची, हे माझं मलाच ठरवता आलं नव्हतं.

कॉम्प्युटर सुरू झाला, झकास चालला, आणि थोड्या वेळाने थिजला. अक्षरं जिथल्या तिथे. बंद करून पुन्हा लावला की पुन्हा तेच. शेजारी फिजिक्सचे प्रोफेसर मिश्राजी राहत. त्यांनी तुकडा हलवून पाहिला आणि निकाल दिला, "कसकर बैठना चाहिए, तभी गर्मी जाएगी." आम्हाला हायसं वाटतं न वाटतं तोच त्यांना स्वतःलाच शंका आली. "लेकिन रेल की पटरी में भी तो जगह छोड़ते हैं..." असं पुटपुटत ते निघून गेले. बँकेतला इंजिनिअर म्हणाला, हीटसिंकचा काही संबंध नाही, व्होल्टेज बघा. आमच्या गल्लीतली वीज बघता तेही खरं वाटलं. मला तर जो शेवटी बोलेल त्याचंच पटत होतं.

शेवटी माईंनीच तो तुकडा उचलला. त्याला धरून ठेवणारी एका बाजूची खुंटी तुटलेली होती. खाली चिपवर पांढरट, वाळून पापुद्रे सुटलेलं काहीतरी होतं. माईंनी ते बोटावर घेऊन नाकाशी नेलं.

"अहो, हे गंध आहे."

"माई, कारखान्यात गंध कोण लावेल?"

"थंडाव्यासाठी! आपलं डोकं तापलं की आपण काय लावतो? चंदनच ना? यांनी लावलं, पण ते सुकून गेलं. सुकलेलं गंध काय थंडक देणार, कप्पाळ!"

माईंनी सहाणेवर खोड उगाळलं, चिपवर छान जाडसर गंध लावलं, वर तुकडा बसवला आणि तुटलेल्या खुंटीच्या जागी देवळातला लाल दोरा गुंडाळून गाठ मारली. आणि तो कॉम्प्युटर सबंध क्लासभर चालला! मिश्राजींना बोलावून दाखवलं. ते आत डोकावले आणि चहासुद्धा न घेता गेले.

दुसऱ्या दिवशी गंध वाळलं, कॉम्प्युटर थिजला. मग रिवाजच पडला. सकाळी आधी देवांना गंध, मग कॉम्प्युटरला. गंध ओलं असेतोवरचा पहिला वेळ शकुंतलेचा. माई पुस्तक मांडीवर घेऊन शेजारी बसत आणि तिला शिकवता शिकवता स्वतः शिकत. कुठलं बटण दाबलं की पडद्यावर काय येतं, हे त्यांनी स्तोत्रासारखं पाठ केलं.

एके दिवशी गंध जरा पातळ झालं. खाली ओघळलं, देवळातल्यासारखा वास सुटला आणि कॉम्प्युटर कायमचा गप्प झाला. दुकानदाराने आत डोकावून कपाळाला हात लावला. "माताजी, ये मशीन है कि शालिग्राम?" तरी बिचारा भला होता. खुंटी मुळात तुटकी होती हे त्याने कबूल केलं आणि मदरबोर्ड काढून दिल्लीला पाठवला. नवा यायचा होळीनंतर. शाळेतल्या त्या जागेसाठीची परीक्षा होळीच्या आधी. बाकीच्या दोघी-तिघी होत्या, त्या लगेच सेंटरात गेल्या.

शकुंतला आली. सासू पायरीवर बसली. माईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा आतल्या रिकाम्या डब्याकडे. बंद पडलाय म्हणून सांगावं, तर उद्यापासून ही सुनेला आणणार नाही. माईंनी शकुंतलेला काळ्या पडद्यासमोर बसवलं आणि बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात सुरुवात केली.

"हाँ, अब खुल गया. ऊपर नाम आया. अब चिट्ठी लिख. सामने देख, सामने!... ये क्या दबा दिया? अब पूछ रहा है, रखना है कि नहीं."

"रखना है, माई."

"तो मुझे क्या बताती है? उसको बता!"

मी जिन्यात उभा राहून ऐकत होतो. खोटं कशाला बोलू, पडद्यावर खरंच काही उमटलंय का ते वाकून बघावंसं मला वाटलं. रोज हेच चाललं. त्या दिवसांत माईंना अन्न गोड लागत नव्हतं. "मी त्या बाईला धोका देतेय हो," त्या मला म्हणाल्या. "बाहेर विश्वासाने बसते ती. आणि पोरगी तिथे जाऊन अडली तर? हे पाप कुणाच्या माथ्यावर?" मला त्यांचं बरोबर वाटत होतं आणि चूकही वाटत होतं.

शकुंतलेला नोकरी लागली. त्या संध्याकाळी तिची सासू एकटीच आली, लोटाभर दूध आणि पेढे घेऊन. माईंनी पेढा हातात घेतला, पण तोंडात घालवेना.

"बहनजी, एक बात छिपाई है आपसे," त्या म्हणाल्या. "मशीन कबकी बंद थी. डिब्बा ख़ाली था. मैं यूँ ही बोलती रही."

सासूने लोटा पायरीवर ठेवला.

"हमके मालूम रहल, माई. पहिले घूँ-घूँ करत रहल, ओकरे बाद मसीनवा एक्को दिन बोललस ना."

"तो फिर रोज़ लाती क्यों थीं?"

"दुलहिन घर से निकलत रहल," ती म्हणाली. "हमरे खातिर ओतने बहुत रहल."

डोळ्यांना पदर लावून माई तिच्याशेजारी पायरीवर बसल्या, आणि हातातला पेढा त्यांनी आधी तिला भरवला.