खाडीपलीकडची वाळू

आमच्या गावचा किनारा समुद्र दरवर्षी थोडा थोडा खातो आणि ती वाळू खाडीपलीकडे नेऊन टाकतो. यंदा सुरूच्या झाडांची शेवटची रांगही गेली. त्या झाडांखाली वीस वर्षांपूर्वी दादाने आपल्या अकरा दिवसांच्या मुलीला पुरलं होतं. वहिनी तेव्हा बाळंतिणीच्या खोलीत होती, तिला कुणी नेलं नाही. पुढे मात्र ती रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसायची.

परवा ती मला म्हणाली, "वन्सं, पलीकडे येता माझ्याबरोबर?"

आम्ही होडीने गेलो. पलीकडे नवी, रुंद पुळण तयार झाली होती. तिथे काही मुली लगोरी खेळत होत्या.

"आपल्याकडची वाळू इथेच येते ना?" तिने विचारलं.

"येते," मी म्हणाले. वाळूबरोबर आणखी काय येतं, हे मला तरी कुठे ठाऊक होतं? दुःखाला एक जागा असली की माणूस तिथे जाऊन रडून येतो. ती जागाच वाहून गेली, तर त्याने जायचं कुठे?

वहिनीने चपला काढून हातात घेतल्या. मी पुढे निघाले, तशी ती मागून म्हणाली, "वन्सं, जरा हळू पाय टाका."