हलक्या चाकांची दीपाली

गॅरेजमध्ये जुने टायर साठतात तसे किस्सेही साठतात. टायर भंगारवाला घेऊन जातो. किस्से मात्र तिथे बसणाऱ्यांच्या गळ्यात पडतात. भवानीनगरला विश्वासचे गॅरेज आहे. तो माझा जुना विद्यार्थी. सकाळची पूजा आटोपली की मी लासुर्ण्याहून तेथे येऊन बसतो. निवृत्त विज्ञान शिक्षकाला इतकी चांगली जागा ईश्वराने दिली, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

विश्वासची भाची दीपाली मातीच्या ट्रॅकवर मोटारसायकल पळवते. तिचे वडील तात्या ऊसबागायतदार. मागच्या शर्यतीत ती पडली आणि हाताला प्लास्टर लागले. ते निघाले त्या दिवशी तात्यांनी गॅरेजमध्ये येऊन निकाल सुनावला.

"बारामतीची शर्यत खेळ. पर पुन्हा पडलीस, तर गाडी बंद. कायमची!"

दीपाली म्हणाली, "व्हय तात्या." तात्या शब्दाचे पक्के. त्यामुळे तिथे कोणी हसले नाही.

*

विश्वासने लोखंडी रिमा काढून ॲल्युमिनियमच्या बसवायचे ठरवले. हलक्या चाकांनी खरोखर फरक पडतो का, यावर गॅरेजमध्ये दोन तट पडले. मी म्हटले, "आधी वजन करा."

आमच्याकडे वजन म्हटले की उसाचा काटा! विश्वास दोन्ही चाके टेम्पोत घालून तिकडे गेला. ट्रॉल्या तोलणारा तो काटा. जुने चाक ठेवले: शून्य. नवे ठेवले: शून्य.

तात्या म्हणाले, "पाव्हणं, जुनंच बिनवजनाचं हाय की! आणिक किती हलकं करता?"

अखेर किराणा दुकानात खरे वजन झाले. नवे चाक बरेच हलके निघाले. तात्यांनी ते मानले नाही. त्यांचा विश्वास मोठ्या काट्यावर.

*

मग विश्वासने स्वतःच प्रयोग काढला. कालव्याच्या भरावावरून दोन्ही चाके एकाच वेळी सोडली. हलके पुढे जाईल, अशी त्याची खात्री. दोन्ही जोडीने खाली पोचली!

मी समजावले, "उतारावर हलके-जड सारखेच गडगडते. इंजिनाला चाक फिरवावे लागते, तेव्हा वजन आड येते. त्यातही कडेचे वजन अधिक नडते."

तात्यांनी शांतपणे ऐकून घेतले. "मंग शर्यत उतारावरच घ्या म्हणावं की!"

*

शेवटी रस्त्यावर चाचणी झाली. दीपालीने आधी जुनी चाके लावून गाडी पळवली, मग नवी. विश्वास घड्याळ उंचावून ओरडला, "लय फरक! दाजी, बघा, लय फरक!"

दीपालीने हेल्मेट काढले. "मामा, पहिल्या खेपंला म्हैस आडवी आली हुती."

खोटे यश तिला सहज पदरात घेता आले असते. तिने घेतले नाही. अशी मुलगी आपल्या गावात आहे, हे आमचे भाग्य. चाचणी पुन्हा झाली; या वेळी विश्वासने म्हैस धरून ठेवली. फरक पडला, पण थोडा. गाडी सुटताना चपळ झाली होती, खड्ड्यांवरून चाक कमी उडत होते. सर्वाधिक वेग होता तेवढाच राहिला.

"म्हंजी सुटताना मिळतं, पळताना न्हाय," दीपाली म्हणाली.

याहून नेमके उत्तर मलाही देता आले नसते.

*

शर्यतीच्या सकाळी विश्वास गाडी शेवटची तपासत होता. सीटखाली काहीतरी लागले. पाहतो तो खण, तांदूळ आणि अख्खा नारळ! त्याच्या बहिणीने, दीपालीच्या आईने, गाडीची ओटी भरली होती.

"अक्का! मी चाकातलं वजन काढतोय आणि तू सीटखाली भरतीस?"

"तुझं चाक तिला पळवंल रं. माघारी कोण आणंल?"

विश्वास माझ्याकडे पाहू लागला. मी नारळाला नमस्कार केला. विज्ञानाने कोठे थांबावे, हे मला वयाने शिकवले आहे. दीपालीने तिथेच नारळ फोडला आणि सर्वांना प्रसाद वाटला. वजन गेले, ओटी राहिली.

*

बारामतीच्या मैदानावर धूळ इतकी की मध्येच समोरचा माणूस दिसेना. तात्या आमच्यापाशी थांबले नाहीत. एकटेच लांबच्या वळणावर, डोक्यावरची टोपी सावरत, ट्रॅकच्या दोराला चिकटून उभे राहिले.

दीपाली तिसरी होती. शेवटच्या फेरीत त्याच वळणावर तिची गाडी घसरली आणि ती आडवी झाली. विश्वासने डोळे मिटले. मी नामस्मरण करू लागलो. दोन गाड्या तिला ओलांडून गेल्या. ती उठली, गाडी उचलली, किक मारली. चाकांनी दिले ते तिथे दिले. उभ्या गाडीने असा वेग पकडला की रेषेपूर्वी एक गाडी तिने मागे टाकली. चौथी आली.

चौथ्याला बक्षीस नव्हते. पण ती धडधाकट परतली, यासाठी मी हात जोडले.

तात्या चालत आले. दीपाली मान खाली घालून उभी. तिच्या पाठीवर मातीच माती. विश्वास चाचरत म्हणाला, "दाजी... पोरगी पडली, पर—"

"कोण पडलं?" तात्या म्हणाले. "मला काय दिसलं न्हाय. धूळ लय हुती."

त्यांचे डोके उघडे होते. टोपी त्या वळणावर, दोराच्या आत, ट्रॅकच्या मधोमध पडली होती.