एकसष्ट किलोमीटर

त्या गुरुवारची दुपार मी विसरलेलो नाही, आणि विसरायचा माझा विचारही नाही. महाराष्ट्र पोलिसांत मी सत्तावीस वर्षं नोकरी केली. बायको परिचारिका. तिला सिडनीत काम मिळालं तेव्हा मी निरीक्षक पदावरून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि आम्ही क्वेकर्स हिलला राहायला आलो. निवृत्त अधिकारी सहसा सेवेतल्या गाजलेल्या तपासांबद्दल लिहितात. मी लिहितो आहे तो तपास माझ्या सेवेतला नाही. त्यात मी फिर्यादी होतो. नावं कोणाचीच देणार नाही. एका माणसाचं नाव मी एकदा नको तिथे देऊन बसलो, तेवढं पुरे.

आमच्याकडे एक कॅम्पर व्हॅन होती. सव्वीस वर्षांची जुनी डिझेल व्हॅन घेऊन मी ती स्वतः बांधली होती. आत एकशे नव्वद सेंटिमीटरचा पलंग, दोन बर्नरची शेगडी, पंचावन्न लिटरची पाण्याची टाकी, छोटा फ्रिज. पडदे बायकोने शिवले होते. तीन वर्षांत आम्ही एकोणीस सहली केल्या. सहल नसेल तेव्हाही बायको ड्यूटीवरून आली की चहा घेऊन व्हॅनमध्ये जाऊन बसायची. गाडी उभीच असे, पण ती म्हणायची की इथे बसलं की वॉर्ड डोक्यातून उतरतो.

त्या गुरुवारी मी गोदामातली सकाळची शिफ्ट संपवून तीन वाजून चाळीस मिनिटांनी घरी आलो. ड्राइव्हवे रिकामा होता. सकाळी सहाला निघताना गाडी मी डोळ्यांनी पाहिली होती. दिवसाढवळ्या, भर वस्तीतून, साडेपाच मीटर लांबीची पांढरी गाडी कोणीतरी घेऊन गेलं होतं आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांपैकी कोणाला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

पोलिसांना फोन केला. अकरा मिनिटं थांबल्यावर एकाने शांतपणे माहिती घेतली, नोंद क्रमांक दिला आणि म्हणाला, गाडीचा नंबर सगळीकडे कळवला आहे, नो वरीज. घटनास्थळाचा पंचनामा करायला कोण येणार, असं विचारलं तर त्याला प्रश्नच कळला नाही. कोणीही आलं नाही. मग मीच पंचनामा केला. पंच म्हणून बायको आणि मुलगी. मुलगी युनिव्हर्सिटीतून नुकतीच आली होती. ती एवढंच म्हणाली, "बाबा, सिरीयसली?" पण टेपचं दुसरं टोक तिनेच धरलं.

काचेचा तुकडा नाही. टायर घासल्याची खूण नाही. म्हणजे गाडी किल्लीने नेली होती. इतक्या जुन्या गाडीच्या किल्लीत चिप नसते. कोणीही दहा मिनिटांत दुसरी बनवून घेऊ शकतो. आमच्या दोन्ही किल्ल्या जागेवर होत्या. तेव्हा प्रश्न एकच उरला. गेल्या काही दिवसांत किल्ली आणखी कोणाच्या हातात होती?

उत्तरही एकच होतं. माझा मित्र.

हा मित्र तीन गल्ल्या पलीकडे राहतो. पुण्याचा. विद्यार्थी म्हणून आला आणि इथलाच झाला. विमानतळावर सामान हाताळणाऱ्या एका कंपनीत पर्यवेक्षक आहे. आम्ही इथे आलो तेव्हा घर शोधण्यापासून लायसन्सपर्यंत सगळं त्याने केलं. मला तो 'साहेबा' म्हणायचा, तेही 'अरे' लावून. चोरीच्या आधीच्या आठवड्यात त्याने कुटुंबाला समुद्रावर न्यायला व्हॅन मागून घेतली होती. शुक्रवारी संध्याकाळी नेली, मंगळवारी संध्याकाळी परत केली. टाकी भरून, आतून झाडून.

मी गाडीची वही ठेवतो. ठाण्यात स्टेशन डायरी ठेवत असू तशीच. नेताना मीटर दोन लाख शहाऐंशी हजार चारशे बारा, आणताना सातशे एकाहत्तर. म्हणजे तीनशे एकोणसाठ किलोमीटर. तो गेरिंगाँगला गेला होता. सरळ गेलो, सरळ आलो, असं त्यानेच सांगितलं होतं. नकाशावर जाऊन येऊन दोनशे अठ्ठ्याण्णव होतात. एकसष्ट किलोमीटर जास्त होते.

शुक्रवारी खबर मिळाली. आम्ही सहा कुटुंबं दर शनिवारी कोणाच्या तरी घरी जमतो. त्यातल्या एकाला मी वाण्याच्या दुकानात भेटलो. त्याने सहज सांगितलं की चार दिवसांपूर्वी, सोमवारी, आपला हा दोस्त स्टेशनवरून चालत घरी जाताना दिसला होता. मला जे ऐकायचं होतं ते मिळालं. दारात व्हॅन असलेला माणूस चालत का येईल?

शनिवारी दुपारी मी मित्राला चहाला बोलावलं. तो येईपर्यंत स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या खुर्च्या हलवून ठेवल्या. ही जुनी पद्धत आहे. संशयिताला अशा जागी बसवायचं की घड्याळ त्याच्या समोर आणि आपल्या पाठीमागे येईल. त्याला वेळ जाताना दिसतो, आपल्याला दिसत नाही. बायकोने चहा ठेवला होता. मी तिला हातानेच थांब म्हटलं.

सुरुवातीला तो माझ्याइतकाच चिडलेला होता. चोराला शिव्या दिल्या, फेसबुकवर फोटो टाकूया म्हणाला. मी विचारलं, "सोमवारी गाडी कुठे होती?"

"घरीच. ड्राइव्हवेत."

"दिवसभर?"

"हो रे. का?"

"मग तू स्टेशनवरून चालत का आलास?"

तो थांबला. मग हसला आणि म्हणाला, "पाय मोकळे करायला."

"आणि एकसष्ट किलोमीटर? तेही पायच मोकळे करायला?"

त्यानंतर तेच प्रश्न मी उलटसुलट करून विचारत राहिलो. किती वाजता, कुठून, कोण बरोबर होतं. त्याची उत्तरं बदलत गेली. तो माझ्याकडे बघेना. खोटं बोलणारा माणूस मला कळतो, आणि तो खोटं बोलत होता. या बाबतीत माझी चूक नव्हती, हे आजही लिहून ठेवतो.

शेवटी तो म्हणाला, "साहेबा, तू मला चोर म्हणतोयस का?"

"मी अजून काही म्हटलेलं नाही. प्रश्नाचं उत्तर दे."

तो उठला. "एवढंच वाटत असेल तर पोलिसांना सांग. त्यांना देतो उत्तर." बायको चहाचा कप घेऊन दारापर्यंत गेली. "नको वहिनी," म्हणून तो निघून गेला.

ही चौकशी एक तास चाळीस मिनिटं चालली, अशी नोंद मी त्याच दिवशी वहीत केली. त्याच संध्याकाळी जमलेल्या मंडळींना मी सगळं सांगितलं. तो आणि त्याची बायको अर्थातच आले नव्हते. एकदोघांनी माना हलवल्या, एकाने म्हटलं की हल्ली कोणाचा भरवसा नाही. रविवारी मी पोलीस स्टेशनला गेलो आणि लेखी जबाब दिला. मित्राचं पूर्ण नाव, पत्ता, कामाचं ठिकाण, आणि वहीच्या पानाची प्रत. सोमवारी आमच्या दारात एक पिशवी होती. तिच्यात आमचे पाच डबे होते, धुऊन, पुसून, रिकामे. रिकामा डबा आपल्याकडे कोणी परत करत नाही. बायको ती पिशवी हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली. मी म्हटलं, अपराधी माणूस असाच वागतो.

बुधवारी पोलीस स्टेशनमधून बोलावणं आलं. काउंटरवर एक तरुण महिला कॉन्स्टेबल होती. तिने मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं की गाडी सापडली आहे.

घडलं होतं ते असं. गेरिंगाँगहून निघताना मित्राच्या हातून व्हॅनच्या सरकत्या दरवाजाचं हँडल तुटलं. मला सांगितलं असतं तर मी खर्च घेऊ दिला नसता, हे त्याला माहीत होतं. मागून आणलेली वस्तू मोडली तर मुकाट्याने नीट करून परत द्यायची, वाच्यता करायची नाही, ही आपल्या घरांतली शिकवण. म्हणून सोमवारी त्याने दोन स्टेशनं पलीकडच्या एका गॅरेजमध्ये गाडी टाकली आणि ट्रेनने घरी आला. माझ्यासमोर तो लपवत होता ते तुटलेलं हँडल. हीच गोष्ट त्या कॉन्स्टेबलने त्याच्या घरी जाऊन विचारली, "सोमवारी गाडी कुठे होती?", आणि त्याने एका वाक्यात सांगून टाकली. पावती दाखवली. तिला दहा मिनिटं लागली. मित्रासमोर ज्याची लाज वाटते ते माणूस परक्यासमोर सहज बोलतो. इतकी वर्षं चौकशा करून हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण मी त्या खुर्चीवर मित्र म्हणून बसलो नव्हतो, आणि परका म्हणूनही नाही.

त्या पावतीवरून पोलीस गॅरेजमध्ये पोचले. तिथल्या एका कामगाराने त्या सोमवारी किल्लीची नक्कल करून घेतली होती आणि गाडी सुटे भाग घेणाऱ्या गिऱ्हाइकाला दाखवायला एका शेडवर नेली होती. शेड गॅरेजपासून अठ्ठावीस किलोमीटरवर. जाऊन येऊन छप्पन्न. गॅरेजपर्यंतच्या ने-आणीचे पाच. एकसष्ट. माझा आकडा बरोबर होता. फक्त मी तो चुकीच्या माणसाच्या नावावर टाकला होता.

माझ्या घराचा पत्ता त्या चोराला कसा कळला, हे मी विचारलं. कॉन्स्टेबलने प्लास्टिकमध्ये घातलेलं एक कार्ड समोर ठेवलं. ते मीच टाइप करून गाडीत ठेवलं होतं: गाडी वापरणाऱ्यांसाठी चौदा सूचना. टायरमधली हवा, गॅसचा नळ, आणि वरती आमचा पत्ता. नववी सूचना अशी होती की गाडी परत करायला सोमवार ते शुक्रवार साडेतीननंतर यावं, त्याआधी घरी कोणी नसतं.

निघताना ती दारापर्यंत आली. म्हणाली, "यू हॅव अ गुड मेट देअर." मी मान हलवली. दुसरं काय करणार?

त्या शेडमध्ये मी गाडी ओळखायला गेलो. पलंग उखडलेला, शेगडी आणि फ्रिज गायब, टाकी कापलेली. बायकोने शिवलेले पडदे ऑइल पुसायला वापरले होते. ज्याने हे केलं त्याला मी आजही माफ केलेलं नाही. त्यानंतरचे दोन महिने विमा कंपनीत गेले. चोराची आणि तुमची आधीची ओळख होती का, हा प्रश्न मला चार वेळा, चार वेगवेगळ्या माणसांनी विचारला. चौथ्या वेळी माझा आवाज चढला. संशयिताच्या खुर्चीवर बसलं की निर्दोष माणसाचाही आवाज चढतो. सेवेत असताना अशा चढलेल्या आवाजाची नोंद मी 'संशयास्पद वर्तन' अशी करत असे.

पण खरी भरपाई राहिली होती ती दुसरीकडे. पोलिसांची गाडी मित्राच्या दारात उभी राहिली तेव्हा त्याच्या गल्लीने ते पाहिलं होतं. त्याच महिन्यात त्याच्या कामावरच्या पासचं नूतनीकरण होतं. कंपनीच्या फॉर्ममध्ये प्रश्न होता: अलीकडे कोणत्या पोलीस चौकशीत तुमचं नाव आलं आहे का? त्याने खरं ते लिहिलं. पास अडकला आणि तो तीन आठवडे घरी बसला. हे मला त्याने सांगितलं नाही. खबर आणणाऱ्या त्याच माणसाकडून कळलं.

मी पुन्हा पोलीस स्टेशनला गेलो. म्हटलं, हा माणूस निर्दोष आहे असं पत्र द्या. कॉन्स्टेबल म्हणाली की त्याच्यावर आरोपच नव्हता, त्यामुळे तो मागे घ्यायचं पत्र कुठून आणणार? असा नमुनाच आमच्याकडे नाही. तिचं बरोबर होतं. आमच्याकडेही नव्हता. चोरीची सायकल मालकाला परत करताना आम्ही मुद्देमालाची पावती करत असू, सही घेत असू. संशयित म्हणून ज्यांना दिवसभर बाकावर बसवलं आणि संध्याकाळी 'जा' म्हटलं, अशी शेकडो माणसं माझ्या हाताखालून गेली. त्यांचं जे घेतलं होतं ते परत केल्याची एकही पावती कोणत्याही ठाण्यात नाही. एकाच्याही दारात जाऊन मी त्याच्या गल्लीला काही सांगितलं नाही. त्या वेळी ते सुचलंही नाही, आणि याचाच मला आज सगळ्यात जास्त राग येतो.

नमुना नव्हता, म्हणून मीच केला. एक पान. माझा संशय काय होता, कशावरून होता, तो कसा खोटा ठरला, चौकशी कोणत्या दिवशी, कुठे, किती वेळ केली. खाली सही. एक प्रत त्याच्या कंपनीला पाठवली. एक मी शनिवारी घेऊन गेलो. त्या आठवड्यात सगळे ज्यांच्याकडे जमणार होते, त्यांना मी त्यालाही आग्रहाने बोलवायला सांगितलं होतं. तो आला. त्याची बायको आली नाही.

ज्या चार घरांना मी त्याचं नाव सांगितलं होतं, त्यांच्यासमोर उभा राहून मी ते पान पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. कोणीतरी पोरांना दुसऱ्या खोलीत पाठवलं. वाचून झाल्यावर मी पान त्याच्यापुढे धरलं आणि विचारलं, काही चुकलंय का?

त्याने ते सावकाश वाचलं. मग एका ओळीवर बोट ठेवलं.

"एक तास चाळीस मिनिटं नाही," तो म्हणाला. "दोन तास दहा. घड्याळ माझ्यासमोर होतं."

मी पेन काढलं. आकडा खोडून वर दुरुस्त केला आणि नियमाप्रमाणे बाजूला सही केली.