हातांवर बसणारा माणूस

ते आधी स्वतःच्या हातांवर बसायचे. संगणकासमोरच्या माणसाच्या मागे, जरा उजवीकडे, आपलं बुटकं लाकडी स्टूल ठेवायचे, त्यावर टेकायचे आणि दोन्ही तळवे मांड्यांखाली सरकवायचे. मग म्हणायचे, "करा तुम्ही. मी हाय ना."

पुढचा तासभर ते माऊसला बोटसुद्धा लावत नसत. समोरचा चुकला तरी नाही, अडला तरी नाही.

तुमच्याही ओळखीत संगणकातला एखादा जाणकार असेलच. तो काय करतो ते आठवा. "सरका जरा" म्हणतो, तुमची खुर्ची बळकावतो, दहा मिनिटांत काम उरकतो आणि तुम्हाला काही कळायच्या आत चप्पल घालतो. मी तसला जाणकार. कॉलेज रोडला माझं संगणक जोडून देण्याचं दुकान होतं आणि "सरका जरा" मी दिवसातून वीसदा म्हणत असेन. त्यामुळे हा हातांवर बसणारा माणूस मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही.

ते मूळचे नांदगावकडचे, आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहायचे. सातपूरच्या एका कारखान्यात ते 'टाइम स्टडी'ला होते. म्हणजे कामगाराच्या मागे स्टॉपवॉच घेऊन उभं राहायचं आणि त्याचा हात कुठे अडतो, कुठे वेळ जातो, ते टिपून घ्यायचं. कामगार त्यांना घड्याळवाले म्हणत, तेच नाव इमारतीतही आलं. मुदतीआधी निवृत्ती घेऊन घरी बसले आणि मासिकांबरोबर फुकट येणाऱ्या लिनक्सच्या सीड्यांच्या नादी लागले.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. संगणक चालवायला बहुतेक लोक विंडोज वापरत. लिनक्स हा त्याचाच फुकटचा पर्याय, पण तो एका रूपात येत नाही. जगभरातले लोक आपापल्या आवडीने तो बांधून देतात, प्रत्येकाचा थाट वेगळा. या बांधणीला डिस्ट्रिब्यूशन म्हणतात. एक जुन्या मशीनवर पळतं, एकात खेळ भरपूर, एकाला बघूनच माणूस घाबरतो. यातलं कुठलं घ्यावं यावर जाणकार लोक हमरीतुमरीवर येतात. घड्याळवाले कधीच वाद घालत नसत. म्हणायचे, "आधी माणूस बघू, मंग सीडी."

त्यांच्या सीड्यांवर डिस्ट्रिब्यूशनचं नाव नसायचंच. मार्करने लिहिलेलं असायचं, 'घाईचा माणूस', 'चष्मा विसरणारा', 'फक्त पत्रं आणि पत्ते'. मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला एकच विंडोज घालून देत होतो. या सीड्या बघून मी दुकानात पोट धरून हसलो होतो.

"हातांवर का बसता हो?" मी एकदा खोचकपणे विचारलं. त्यांनी डावा हात काढून दाखवला. अनामिकेचं टोक नव्हतं. "बघणाऱ्यानं यंत्रात हात घालायचा नसतो. एकदा घातला व्हता."

दुसऱ्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या. दिवसभर लोकांचे दात कोरून झाले की त्यांना संगणकावर गाड्यांच्या शर्यती खेळायला लागत. घड्याळवाल्यांनी तीन रविवार त्यांच्या मागे बसून वेगवेगळी लिनक्सं चालवून पाहिली. चौथ्या रविवारी म्हणाले, "डॉक्टर, तुमचा खेळ याच्यावर नाय रंगणार. तुम्हाला विंडोजच पायजे. आपल्या इंजिनियरसाहेबांकडं जा." म्हणजे माझ्याकडे. मी साधा डिप्लोमावाला, पण ते मला इंजिनियरसाहेबच म्हणत, आणि थट्टेने नाही, हेच तर जास्त लागायचं. बाई दुकानात आल्या, काम देऊन गेल्या, जाताना म्हणाल्या, "किती सरळ माणूस आहे हो तो!" मी कुढत बसलो. गिऱ्हाईक मिळालं तेही त्यांच्या कृपेने.

पण खरी आग वेगळीच होती. ती आमच्या घरात होती.

माझे वडील, अण्णा, छापखान्यात मुद्रितं तपासायचे. निवृत्त झाल्यावर मी त्यांना संगणक दिला. पत्त्यांचा डाव मांडावा, इंदूरच्या माझ्या बहिणीला पत्र टाइप करावं, एवढाच त्यांचा शौक. पण माझ्या शिकवण्याने ते कंटाळत. "अण्णा, दोनदा दाबायचं. पटकन! एकदा नाही, दोनदा!" मी ओरडायचो आणि मग "सरका जरा" म्हणून स्वतःच उघडून द्यायचो.

एक दिवस घरी आलो तर अण्णांच्या मागे ते स्टूल. संगणकावर लिनक्स. अण्णा पत्ते लावतायत, तोंडाने गुणगुणतायत. सीडी बाजूला पडली होती, तिच्यावर फक्त 'काका' असं लिहिलेलं. अण्णांना ते काका म्हणत.

"माणसाचं वर्णन लिहायचं विसरलात का?" मी विचारलं.

"काकांचं काय लिहायचं?" असं म्हणून ते उठले.

तेव्हापासून अण्णांचं घड्याळवाले पुराण सुरू झालं. घड्याळवाले असं म्हणाले, घड्याळवाल्यांनी तसं दाखवलं. दुपारी चारच्या सुमाराला अण्णा दाराकडे कान लावून बसत. इतक्या फेऱ्या व्हायला लागल्या की स्टूल आमच्याकडेच राहिलं. माझं दुकान संगणकाचं, आणि माझा बाप संगणकासाठी परक्याची वाट बघतो! मला जेवण गोड लागेना. हेवा म्हणतात तो हाच. तो पोटात असतो आणि उपाशी राहून जात नाही.

म्हणून मी एक नीचपणा केला. घड्याळवाले काही दिवस गावी गेले होते. अण्णा देवळाली कॅम्पला एका लग्नाला गेले त्या दिवशी मी ते लिनक्स पुसून टाकलं आणि विंडोज घातलं. वर पत्त्यांचे शंभर खेळ भरले, हवेत तेवढे.

"अण्णा, त्यांची सीडी खराब होती. सगळं उडालं. पण हे बघा, याच्याहून चांगले पत्ते आहेत."

"असं होय," अण्णा म्हणाले. "बरं."

आठ दिवसांनी मॉनिटरवर कापड दिसलं. खेळत का नाही विचारलं तर म्हणाले, "नंतर बघू."

घड्याळवाले गावाहून परत आले आणि थेट वर आले. अण्णांनी त्यांना खराब सीडीचं सांगितलं. त्यांनी कापड काढलं. स्टूल ओढलं, हातांवर बसले. मी दारात उभा होतो. "करा तुम्ही, काका. मी हाय ना."

अण्णांनी बाण पत्त्यांच्या चित्रावर नेला. दाबलं. दुसऱ्यांदा दाबेपर्यंत बाण सरकला आणि चित्र फरफटत कोपऱ्यात गेलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ते चित्र कचरापेटीत पडलं. अण्णांनी माझ्याकडे चोरून पाहिलं, आता मी ओरडणार म्हणून.

घड्याळवाल्यांनीही माझ्याकडे पाहिलं. खराब सीडीतून आपोआप विंडोज उगवत नाही, हे त्यांना कळत नव्हतं थोडंच! पण ते म्हणाले, "काका, चूक माझीच. सीडीच खराब व्हती. माफ करा."

जिन्यात त्यांनी मला गाठलं. "इंजिनियरसाहेब, वडलांचा हात बघितला का कधी?"

"कसला हात?"

"दोन दाबण्याच्या मधी थरथरतो. बावीस वर्षं मी हातच बघितले. मी घातलं व्हतं त्याच्यात एकदा दाबलं की उघडतं. म्हणून तेच निवडलं व्हतं."

"मला का नाही सांगितलंत?"

ते जरा घुटमळले. "काका म्हणाले, मुलाला नका सांगू. म्हणून सीडीवर पण नाय लिहिलं."

खोटं कशाला बोलू? अण्णांचा हात थरथरतो याचं दुःख मला नंतर झालं. आधी पेटलो ते यासाठी की अण्णांनी त्यांना सांगितलं, मला नाही. आणि वर हेही कबूल करतो, की एकदाच दाबून उघडायची सोय विंडोजमध्येही होती. मला माहीत होती. गिऱ्हाइकांना मी ती लावूनही देत असे. अण्णांच्या मागे पाच मिनिटं बसलो असतो तर पुरलं असतं.

मी सीडी मागून घेतली आणि 'काका' परत चढवलं. अण्णा पुन्हा गुणगुणायला लागले. घड्याळवाले पुन्हा चार वाजता येऊ लागले. मी सुधारलो असं समजू नका. मनातून जळतच होतो, फक्त आता जळण्याची लाजही वाटायची.

तीन-चार वर्षांनी एका सकाळी घड्याळवाले सोमेश्वरकडे फिरायला गेले आणि वाटेतच कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. अण्णांना जिना उतरवत नव्हता, ते खिडकीत उभे राहिले. नंतर मी स्टूल परत द्यायला गेलो तर त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "राहू द्या वरच. काकांच्या खोलीत शोभतं."

पुढे अण्णांचं मशीन बंद पडलं. मी नवं जोडलं आणि तीन सीड्या घेऊन आलो. एव्हाना काही लिनक्सं आत न बसवता नुसती सीडीवरून चालवून बघता येत. म्हटलं, रीतसर करू. चार वाजता अण्णांच्या मागे, जरा उजवीकडे स्टूल ठेवलं. तळवे मांड्यांखाली घातले.

"करा तुम्ही, अण्णा. मी आहे ना."

अण्णांचा हात आता फारच हलत होता. एकदा दाबणंसुद्धा जमेना. पहिली सीडी झाली, दुसरी झाली. बाण पत्त्यांच्या भोवती नुसता घिरट्या घालत होता. माझ्या तळव्यांना मुंग्या आल्या, पण मी हात काढला नाही. त्यांनी काढला नसता.

अण्णांनी माऊस सोडला. वळले नाहीत. म्हणाले, "त्यांचं ठीक होतं रे. ते परके होते. तू कशाला हातांवर बसलायस? दे हात इकडे."

मी उठून शेजारी उभा राहिलो आणि त्यांच्या हातावर हात ठेवला. तो हात किती हलतो ते मला पहिल्यांदाच कळलं. दोघांनी मिळून बाण नेला, दाबलं, पत्ते उघडले. "काळी दश्शी लाल गुलामावर," अण्णा म्हणाले, आणि गुणगुणायला लागले.

इतक्या वर्षांनी मी घड्याळवाल्यांवर मात केली होती. त्यांना दिसावं म्हणून मी मागे पाहिलं. स्टूल रिकामं होतं.